भिडे पूल बुडेल का, यावर सौदा झाला तर तो सेबीचा की पोलिसांचा?

मुठाकाठ

'प्रेडिक्शन मार्केट', म्हणजे घटनांवर सौदे करायचा बाजार, हा विषय अमेरिकेत तापलाय, पण आपल्याकडे तो एकदा येऊन गेलाय आणि वेष बदलून परत येणार याची मला खात्री आहे. म्हणून हा धागा.

तिकडचं भांडण आधी सांगतो. 'अमुक तारखेपर्यंत अमुक घडेल का' या प्रश्नाचा 'हो' किंवा 'नाही' विकत घ्यायचा. बाजू खरी ठरली तर कॉन्ट्रॅक्टमागे एक डॉलर, नाहीतर शून्य. 'हो' ६२ सेंटला मिळत असेल तर बाजाराच्या मते शक्यता साधारण ६२ टक्के. कल्शी नावाच्या कंपनीला सीएफटीसीने, म्हणजे तिथल्या वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाने, २०२० मध्ये रीतसर एक्सचेंज म्हणून मान्यता दिली. त्याच आयोगाने २०२३ मध्ये तिचे निवडणुकीवरचे सौदे नाकारले. कंपनी कोर्टात गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये जिंकली आणि मे २०२५ मध्ये आयोगाने अपील सोडून दिलं. तोवर खेळांवरचे सौदेही सुरू झाले होते. आता नेवाडा, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स ही राज्यं म्हणतात की हे सरळसरळ बेटिंग आहे, आमचा परवाना काढा. कंपनीचं उत्तर: आमचा माल डेरिव्हेटिव्ह आहे, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर किंवा घटनेवर बेतलेला वायद्यासारखा करार, विषय केंद्राचा आहे, राज्यांनी मध्ये पडू नये.

आपल्याकडे हाच प्रकार 'ओपिनियन ट्रेडिंग' म्हणून चालला. २९ एप्रिल २०२५ ला सेबीने पत्रक काढलं की इथे विकलं जातं ते सिक्युरिटी (शेअर, रोखे असं काही) नाही, त्यामुळे हे आमच्या कक्षेत येत नाही आणि गुंतवणूकदाराला मिळणारं संरक्षण इथे मिळणार नाही. मग ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचा असो की नशिबाचा. ओपिनियनवाल्यांनी दुकानं मिटली.

माझ्या मते दोन्हीकडे प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. अमेरिकी कायद्यातली 'स्वॅप'ची, म्हणजे आयोगाच्या कक्षेतल्या डेरिव्हेटिव्हच्या एका प्रकाराची, व्याख्या घटनेला काही आर्थिक किंवा व्यापारी परिणाम असू शकतो का, यावर अडली आहे. असा परिणाम कशाला नसतो? गहुंज्याला सामना असला की एक्सप्रेसवेवरच्या वडापाववाल्याचाही धंदा बदलतो. आपल्याकडे १९५७ च्या चमारबागवाला खटल्यापासून, म्हणजे शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांपासून, कौशल्य की नशीब हाच खल चालू होता.

मी विचारेन: निकाल कोणाच्या हातात आहे?

भिडे पूल घ्या. 'जुलै संपायच्या आत भिडे पूल पाण्याखाली जाईल का' हा सौदा वरवर पावसावरचा वाटतो. पण शहरात पाऊस पडला म्हणून पूल बुडत नाही. खडकवासल्याचे दरवाजे किती उघडले त्याने बुडतो. विसर्ग आज मध्यरात्री वाढवायचा की उद्या सकाळी, हे ठरवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. ३१ जुलैच्या संध्याकाळी धरण काठोकाठ आहे, खाली नदीपात्रात गाड्या लागल्यात, आणि त्या मोजक्या माणसांपैकी एकाच्या मेव्हण्याने 'नाही'चा मोठा सौदा करून ठेवलाय. नको रे बाबा.

तेव्हा माझी कसोटी अशी. निकाल मूठभरांच्या हातात असेल तर सौदा बंद, विषय कितीही आर्थिक असो. निकाल कोणाच्याच हातात नसेल, जसं पाऊस किंवा तापमान, तर तो डेरिव्हेटिव्ह समजा आणि सेबीच्या हवाली करा. क्रिकेट पहिल्या गटात जातं, एक नो-बॉल टाकायला एकच माणूस लागतो. निवडणूक कुठेतरी अधेमधे. बोला.

चहात बिस्कीट

भिडे पुलावर माझा 'हो'. दर वर्षी. कुठे भरायचे पैसे?

पेन्शनर_बाजीराव_रोड

मुठाकाठ, कसोटी हुशारीची आहे, पण तुम्ही घर बांधायच्या आधी पडदे निवडताय. डेरिव्हेटिव्ह म्हटलं की ते शहाणं होतं हे कोणी सांगितलं? सेबीचाच अभ्यास आहे: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, उतरलेल्या सामान्य ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ही परवानाधारक, देखरेखीखालची, केवायसी केलेली जागा बरं का. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीला साप्ताहिक एक्स्पायरीला कात्री लावावी लागली, कॉन्ट्रॅक्टचा आकार वाढवावा लागला. आधीच्या मुलांना शाळेत बसवता येईना, आणि तुम्ही नवीन पोर दाखल करायला निघालात.

नावाने काय होतं ते घरात पाहिलंय. मेहुणीचा मुलगा वाघोलीला खोली घेऊन इंजिनिअरिंग करतो. आयपीएलच्या एका मोसमात मेसचे आणि खोलीभाड्याचे पैसे एका ओपिनियन ॲपवर घालवून बसला. 'पुढच्या षटकात दहाच्या वर धावा होतील का', असले प्रश्न. मी रागावलो तर मला फोन दाखवतो: "काका, हा जुगार नाहीये, ट्रेडिंग आहे. बघा ना, चार्ट आहे, ऑर्डर बुक आहे, स्टॉप लॉस आहे." आमच्या काळी मटका लावणारा निदान गल्लीच्या तोंडाशी इकडेतिकडे बघून चिठ्ठी द्यायचा. या पोराला लाज वाटावी असं काहीच त्या स्क्रीनवर नव्हतं. सेबीच्या यादीत एकदा नाव चढलं की उरलीसुरली लाजही सरकारी शिक्क्याने जाईल.

माझं मत सरळ: सगळं जुगारात टाका. ज्याला खरंच धोका झाकायचाय त्याने विमा काढावा. विम्यात निदान विमाहित दाखवावं लागतं, दुसऱ्याच्या जहाजावर पॉलिसी काढता येत नाही.

कोर्टकचेरी

काका, शेवटचा मुद्दा अगदी बरोबर. १९६३ च्या सागरी विमा कायद्यात पैजेच्या स्वरूपाचा विमा व्यर्थ आहे असं स्वच्छ लिहिलंय. पण 'सगळं जुगारात टाका' इतकं सोपं नाही, कारण आपल्या कायद्याने एक खिडकी आधीच उघडी ठेवली आहे.

भारतीय करार कायदा १८७२, कलम ३०: पैजेचा करार व्यर्थ. व्यर्थ म्हणजे वसूल करता येत नाही, गुन्हा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख खटल्यात हेच सांगितलं. पण आपण पडलो जुन्या मुंबई इलाख्यातले. इथे १८६५ चा एक वेगळा कायदा आहे, त्याने पैजेला पूरक असलेले करारही व्यर्थ ठरतात. म्हणजे पैजेसाठी दिलेली उसनवारी किंवा दलाली कोलकात्यात कदाचित वसूल झाली असती, पुण्यात नाही. शिवाय १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा आहेच.

आता खिडकी. सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायदा १९५६ ला १९९९ मध्ये कलम १८-ए जोडलं: इतर कुठल्याही कायद्यात काहीही असलं तरी मान्यताप्राप्त एक्सचेंजवर झालेलं डेरिव्हेटिव्ह कायदेशीर आणि वैध. म्हणजे तोच सौदा एक्सचेंजवर केला तर वैध, बाहेर केला तर बेकायदा 'डबा ट्रेडिंग'. सौद्याच्या पोटात काय आहे यापेक्षा तो कुठे झाला, यालाच कायद्याच्या लेखी जास्त वजन.

आणि २०१५ मध्ये वायदे बाजार आयोग सेबीत विलीन करताना 'कमोडिटी डेरिव्हेटिव्ह'ची व्याख्या आली. त्यात माल आहेच, पण पुढे सेवा, हक्क, हितसंबंध आणि *घटना* हेही शब्द आहेत. अट एकच, केंद्र सरकारने सेबीशी सल्लामसलत करून ती अधिसूचित करायला हवी. मार्च २०२४ च्या अधिसूचनेत हवामान त्या यादीत आलं. जून २०२५ मध्ये एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदा एक्सचेंजने हवामान खात्याशी करार केला तो याच दरवाजातून. तेव्हा सेबीचं पत्रक वाचताना 'हे कधीच आमच्याकडे येणार नाही' असं वाचू नका. सध्या यादीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुठाकाठ, तुमची कसोटी मला आवडली, पण ती कोणत्याही कायद्यात नाही.

गाळेवाला

सगळे पुस्तकातून बोलताय, मी मार्केट यार्डातून बोलतो. कांदा-बटाट्याचा गाळा आहे. मुठाकाठ भाऊ, तुमच्या कसोटीने माझाच गळा आवळला जातोय.

आमचा धोका पाऊस नाही हो. म्हणजे आहे, पण तो सोसायची सवय आहे. चाळीतला कांदा किती सडणार याचा अंदाज येतो. ज्याचा अंदाज येत नाही ते दिल्लीवरून येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. बंदी ३१ मार्चपर्यंत होती, सगळ्या यार्डात हवा होती की एक एप्रिलला उठणार. लोकांनी तसा माल धरला. २२ मार्चला आदेश आला, पुढील आदेशापर्यंत बंदी चालूच. मग ऐन लोकसभा निवडणुकीत ४ मेला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून.

आता सांगा, '३१ मार्चला कांदा निर्यातबंदी उठेल का' यावर 'नाही' घेता आला असता, तर ज्याच्या चाळीत माल आहे त्याला थोडा तरी टेकू मिळाला असता की नाही? तुम्ही म्हणणार, निकाल मूठभरांच्या हातात, सौदा बंद. अहो, मूठभरांच्या हातात आहे म्हणूनच तर आम्हाला झाकून घ्यायचंय! तुम्ही नेमका तोच धोका बाहेर ठेवलात ज्यावर दुसरा इलाजच नाही. पीकविमा दिल्लीच्या आदेशावर मिळत नाही.

बाकी पेन्शनर काका, वायदेबाजार म्हणजे जुगार म्हणून सात शेतमालांचे वायदे डिसेंबर २०२१ पासून बंद ठेवले. त्याने भाव स्थिर झाले असं आम्हाला तरी यार्डात दिसलं नाही.

चहात बिस्कीट

कांद्यावरून एक गंमत. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कोण होणार यावर सौदा चालतो, पण कांद्याचे वायदे १९५८ पासून कायद्याने बंद आहेत. शिकागोत दोन व्यापाऱ्यांनी साठा करकरून बाजार असा आपटला की गोणीतल्या कांद्यापेक्षा रिकामी गोणी महाग झाली. गाळेवाले, तुमचे पूर्वज तर नव्हेत?

गाळेवाला

आमच्यात एवढी भांडवलं असती तर गुलटेकडीत कशाला बसलो असतो!

हिंजवडी_फेज३

सगळे आतल्या माहितीला घाबरताय. मला वाटतं प्रेडिक्शन मार्केटचा मूळ उपयोगच तो आहे. ज्याला माहिती आहे तो पैसे लावतो, भाव हलतो, आणि बाकीच्यांना फुकटात कळतं. धरणाच्या माणसाच्या मेव्हण्याने 'हो' घेतला आणि भाव ३० वरून ८० ला गेला, तर नदीपात्रात गाडी लावणाऱ्याला दोन तास आधी इशारा मिळाला. वाईट काय झालं?

आयोवा विद्यापीठाचा असाच बाजार १९८८ पासून चालू आहे, ५०० डॉलरच्या मर्यादेत, आयोगाने दिलेल्या सवलतीवर. तिथे कोणी देशोधडीला लागलं नाही. आपल्याकडे मात्र एक्झिट पोलवर टीव्हीसमोर बसायचं आणि मग तोंडावर आपटायचं. २०२४ आठवतं ना? असा बाजार असता तर खरा अंदाज आधीच दिसला असता.

माझं वर्गीकरण: हा माहितीचा बाजार आहे, तिसराच प्रकार. सेबीही नको, पोलिसही नको. रक्कम मर्यादित ठेवा आणि चालू द्या.

पेन्शनर_बाजीराव_रोड

२०२४ आठवतं, चांगलं आठवतं. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला आणि ४ जूनला जवळपास चार हजार चारशेने कोसळला. खऱ्या पैशाचा, देशातला सगळ्यात खोल बाजार, आणि त्याने त्याच एक्झिट पोलवर विश्वास ठेवला ज्याला तुम्ही हसताय. पैसा लावला की अक्कल येते, हा तुमचा सिद्धान्त त्या दोन दिवसांत निकालात निघाला.

आणि मेव्हण्याचं गणित पुन्हा करा. तो इशारा देत नाहीये, ज्याने 'हो'चा भाव ३० असताना 'नाही'ची बाजू धरली त्याच्या खिशातून काढतोय. समोरचा कोण असतो दर वेळी? वाघोलीतला पोरगा.

कोर्टकचेरी

हिंजवडी, मेव्हण्याचं उदाहरण फार घरगुती वाटत असेल तर हे घ्या. जानेवारी २०२६ मध्ये व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो यांना अमेरिकी सैन्याने उचललं. त्याआधी थोडेच दिवस पॉलिमार्केट या क्रिप्टोवर चालणाऱ्या प्रेडिक्शन मार्केटवर एका खात्याने 'मादुरो पायउतार होईल' यावर पैसे लावले होते, आणि त्याला चार लाख डॉलरच्या वर नफा झाला. खातं कोणाचं, हा प्रश्न लगेच उठला. आता तुमच्या सिद्धान्ताप्रमाणे हा लोकांना मिळालेला 'फुकट इशारा'. तो इशारा मादुरोच्या पहारेकऱ्यांनाही मिळतो, हे विसरू नका. लष्करी कारवाईची वेळ बाजारभावातून फुटावी असं कोणत्या सरकारला वाटेल?

२०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने युद्ध, दहशतवाद, हत्या, बेकायदा कृत्य आणि 'गेमिंग' यांवरचे सौदे सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रोखायचा अधिकार सीएफटीसीला दिला तो याचसाठी. निवडणुकीच्या खटल्यात सगळा वाद 'गेमिंग' या एका शब्दाच्या व्याप्तीवर झाला, निवडणूक हा खेळ नाही म्हणून कंपनी सुटली. पण खेळांवरचे सौदे आल्यावर त्या युक्तिवादाचं काय करायचं, हे अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही.

वेधशाळेजवळ

मी हवामानाशी संबंधित कामात आयुष्य काढलं, सिमला ऑफिसच्या आसपास. नव्या लोकांसाठी: १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला अजून रिक्षावाले सिमला ऑफिस म्हणतात.

धाग्यात सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे की पाऊस कोणाच्या हातात नाही. पाऊस नाही, पर्जन्यमापक आहे.

'७ जूनला पुण्यात पाऊस पडेल का' एवढा साधा प्रश्न घ्या. पुणे म्हणजे शिवाजीनगर, पाषाण की लोहगाव? एकाच संध्याकाळी एकीकडे रस्त्यावर नदी आणि दुसरीकडे धूळ, हे दर वर्षी होतं. पाऊस म्हणजे किती? खात्याच्या व्याख्येत 'पावसाचा दिवस' अडीच मिलिमीटरपासून सुरू होतो. दोन मिलिमीटर पडला तर छत्री लागेल, सौदा लागणार नाही. आणि ७ जून म्हणजे कधी? नोंदीचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. ७ तारखेला संध्याकाळी कोसळलेली सर ८ तारखेच्या सकाळच्या आकड्यात येते. कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्याने हे तिन्ही नीट लिहिलं नाही तर निकालाच्या दिवशी मारामारी.

ही मारामारी झालीही आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात पॉलिमार्केटवर झेलेन्स्की सूट घालेल का यावर प्रचंड उलाढाल झाली. माणसाने काळं जॅकेट आणि पँट घातली, वर्तमानपत्रांनी सूट म्हटलं, आणि बाजाराने निकाल दिला 'नाही'. निकाल द्यायची पद्धत काय, तर एका क्रिप्टो टोकनचे धारक मत देतात.

आता हात. अमेरिकेत कोलोरॅडोत दोन पशुपालकांनी पीकविम्याचे पैसे मिळवायला सरकारी पर्जन्यमापकांशी छेडछाड केली. काही झाकले, काहींच्या वायरी कापल्या. पकडले गेले, आणि मिळून ६६ लाख डॉलरच्या आसपास भरावे लागले. मुठाकाठ, तुमच्या 'कोणाच्याच हातात नाही' या गटातला हा सगळ्यात पवित्र विषय होता. माळावर उभं असलेलं स्वयंचलित केंद्र, भोवती तारेचं कुंपण, पहारा नाही. एक तांब्याभर पाणी ओतलं की झालं.

मुठाकाठ

गाळेवाले आणि वेधशाळेजवळ, दोघांनी दोन टोकांकडून पकडलंय. कसोटी मी सोडत नाही, तिला माप लावतो.

निकाल फिरवायला किती खर्च येतो आणि सौद्यात एकाला जास्तीत जास्त किती मिळू शकतात, हे दोन आकडे शेजारी ठेवा. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा झाला की सौदा धोक्याचा. एका माळावरच्या एका मापकावर कोटींचा सौदा नको, पण राज्यभरातल्या शेकडो केंद्रांच्या सरासरीवर चालेल, कारण तेवढे तांबे कोणी ओतणार नाही. आयपीएलच्या एका चेंडूवर दहा रुपयांचाही नको, कारण तसे लाखो लोक लावतात आणि चेंडू टाकणारा एकच.

निर्यातबंदीत निकाल 'फिरवायची' भीती कमी आहे. कोणी मंत्री सौद्यासाठी बंदी घालणार नाही, निदान तेवढ्या पैशासाठी नाही. तिथे भीती फुटण्याची आहे. फाइल सहीला जायच्या आधी कोणाला तरी माहीत असणार. त्यावर उपाय वेगळा: ज्याच्याकडे माल आहे त्यालाच, मालाच्या प्रमाणात, सौदा करू द्या. म्हणजे पेन्शनर काकांचं विमाहित. चाळीत शंभर क्विंटल, तर तेवढ्यापुरताच 'नाही'.

हिंजवडीला मात्र माझं उत्तर नाहीच आहे. फुकट इशाऱ्यासाठी वेबसाइटवर विसर्गाचा आकडा टाका, त्यासाठी बाजार कशाला?

गाळेवाला

ज्याच्याकडे माल त्यालाच 'नाही'. ठीक. मग समोर 'हो' कोण घेणार? माल नसलेलाच कोणीतरी घेणार ना? त्याला तुम्ही आत येऊ देणार नाही. मग मी सौदा करू कोणाशी, हमालाशी?

हिंजवडी_फेज३

हेच! सट्टेबाज नको आणि हेजिंग (धोका झाकणं) हवं, हे एकत्र जमत नाही. दुसऱ्याच्या धोक्याची बाजू घेणारा कोणीतरी मोकळ्या खिशाचा लागतोच.

पेन्शनर_बाजीराव_रोड

'हो' निर्यातदार घेईल. बंदी उठली नाही तर त्याचाही धंदा बसतो... नाही, त्यालाही 'नाही'च हवा. बरोबर आहे, गाळेवाले. मग परदेशातला कांदा इथे आणणारा घेईल, बंदी उठून इथला भाव चढला तर त्याला... जाऊ द्या. एवढं तंगडं अडकतंय यातच उत्तर आहे. ज्या सौद्याची दुसरी बाजू फक्त सट्टेबाज घेतो, तो सट्टाच.

सीए_कोथरूड

उशिरा आले. सगळी तात्त्विक चर्चा वाचली, पण वर्गीकरण कोण ठरवणार हे कोणी बोललं नाही. कर खातं ठरवणार.

तोच दहा रुपयांचा सौदा दोन खात्यांत टाकून बघा. मान्यताप्राप्त एक्सचेंजवरचं डेरिव्हेटिव्ह म्हटलं की तो धंद्याचा नफा. तोटा वजा होतो, पुढे ओढता येतो, दलालीवर १८ टक्के जीएसटी. पैशाचा खेळ म्हटलं की जिंकलेल्या निव्वळ रकमेवर थेट ३० टक्के, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा नाही, टीडीएस वेगळा. शिवाय जीएसटी भरलेल्या पूर्ण रकमेवर: ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के, सप्टेंबर २०२५ पासून ४०. पैसे भरले की खेळायच्या आधीच कर.

अमेरिकेतही राज्यांचा राग नीतीपेक्षा महसुलाचा आहे. परवानाधारक बेटिंग कंपनी राज्याला बेटिंगचा कर देते, एक्सचेंज देत नाही. बहुतेक राज्यांत बेटिंगला वय २१, एक्सचेंजवर १८. एवढी सवलत नुसत्या नावावर मिळत असेल तर कोण स्वतःला बुकी म्हणवून घेईल? कंपन्यांनी वर्गीकरणासाठी कोर्टात एवढा पैसा का ओतला ते यातून कळतं.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. खात्यात काहीही टाका, करात फरक ठेवू नका. दोन्हीकडे सारखाच बोजा पडला तर निम्मे वकील घरी जातील. वकीलताई, राग मानू नका.

कोर्टकचेरी

राग नाही, पण समान कर लावला तर गाळेवाल्यांच्या हेजवरही ४० टक्के बसेल. तो टेकू राहणार नाही, दंड होईल.

आणि त्यांच्या 'समोर कोण' या प्रश्नाला कमोडिटी बाजारात उत्तर आहे. हेजरला मालाच्या प्रमाणात जास्त मर्यादा मिळते, बाकीच्यांना ठरावीक पोझिशन लिमिटच्या (एकाने किती सौदे धरावेत याच्या मर्यादेच्या) आत शिरू देतात. सट्टेबाज येतो, पण दावणीला बांधून. ते नवीन शोधायला नको.

खरी पोकळी दुसरीकडे आहे. आतल्या माहितीवरचे सेबीचे २०१५ चे नियम मुख्यतः सूचिबद्ध कंपन्यांच्या सिक्युरिटींपुरते आहेत. निर्यातबंदीची फाइल त्यात बसत नाही. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्याने सरकारी गुप्त माहितीवर वायदे करू नयेत, हे २०१० पासून कायद्यात आहे, तरी मादुरोचं खातं झालंच. आपल्याकडे मंत्रालयातल्या कारकुनापासून सचिवापर्यंत कोणालाही हे थेट लागू होईल असं कलम आधी यावं, मग यादीत 'धोरणात्मक निर्णय' ही घटना चढवायचा विचार करावा. तोवर हवामानावर थांबावं. निवडणूक आणि क्रिकेट नकोच.

गाळेवाला

म्हणजे ताई, कलम येणार, मग अधिसूचना येणार, मग एक्सचेंज कॉन्ट्रॅक्ट आणणार. आणि ते कॉन्ट्रॅक्ट आल्यावर सरकारला वाटलं की यामुळेच कांदा महागतोय, तर एका आदेशाने तेही बंद. २०२१ सारखं.

कोर्टकचेरी

हो. तो अधिकार सेबीकडे आहे, आणि त्यावर हेज मिळत नाही.

चहात बिस्कीट

मग 'कॉन्ट्रॅक्ट बंद पडेल का' यावर एक कॉन्ट्रॅक्ट काढा. माझा 'हो'.